न बिघडलेल्या रिसीव्हरची दुरुस्ती

मी एकदा चार दिवस खपून एक धडधाकट यंत्र दुरुस्त केलं, आणि त्या दुरुस्तीने ते बिघडलं. हे सुरुवातीलाच सांगून टाकते. नाहीतर वाचता वाचता तुम्हाला वाटायला लागेल की बाई हुशार असावी. तशी ती पुढे थोडीफार झाली, पण ही गोष्ट घडली तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. अडतीसाव्या वर्षी माणसाला जेवढं कळत असतं, त्याच्या दुप्पट कळतं असं वाटत असतं. आता सत्तरीत हिशेब उलटा झालाय, पण ते मी नातीला कळू देत नाही.

यंत्र होतं ऑडिओ रिसीव्हर. म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच काळ्या पेटीत. मागे दोन स्पीकरच्या वायरी खोचायच्या, हवा तर शेजारी टेप डेक जोडायचा, आणि शेजारपाजाऱ्यांना ऐकवत बसायचं. देशाची दारं उघडली, मुलं कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला जायला लागली, तेव्हा पुण्यात ज्यांचा मुलगा गेला त्यांच्या दिवाणखान्यात अशी एखादी पेटी यायचीच. मुलगा तिकडे, पेटी इकडे. पेटीचं वजन दोन वर्षांच्या गुटगुटीत पोराएवढं.

त्याआधी सोळा वर्षं मी हडपसरच्या बाजूला रेडिओच्या एका कारखान्यात होते. लांबलचक टेबल, दोन्ही अंगांना आम्ही बायका, आणि समोरून सरकत येणारे हिरवे बोर्ड. माझ्या वाट्याला अकरा टाके. बोर्ड माझ्यासमोर आला की त्यावर अकरा ठिकाणी सोल्डर मारायचं, म्हणजे तापलेल्या आयर्नच्या टोकाने कथलाची तार वितळवून पार्टचा पाय बोर्डाला पक्का करायचा, आणि बोर्ड पुढे ढकलायचा. पुढची बाई तिचे अकरा मारायची. आम्ही त्याला टाकाच म्हणायचो, शिवणातल्यासारखा. माझा टाका बघायला सुपरवायझर नव्या मुलींना घेऊन यायचा. बारीक, शंकूसारखा, चकचकीत. मी मान वर न करता टाका मारत राहायची, म्हणजे आणखी रुबाब.

पण एक गोष्ट मी त्या मुलींना कधी सांगितली नाही. सोळा वर्षं मी रेडिओ बनवले आणि त्यातला एकही वाजताना ऐकला नाही. वाजवून बघायचा विभाग वरच्या मजल्यावर, पेटीत बसवायचा त्याहून पलीकडे. आमच्या टेबलावर यायचं ते नुसतं आतडं. रेडिओला तोंड असतं, त्यावर बटणं असतात, हे मला घरच्या रेडिओमुळे माहीत.

मग बाहेरचे सेट आले, आणि आमच्या कारखान्याने आम्हाला स्वेच्छानिवृत्ती दिली. इच्छा त्यांची, निवृत्ती आमची. कुणी पोळीभाजी केंद्र काढलं, कुणी साड्यांना फॉल-बिडिंग घेतलं. आमचे हे एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. ते म्हणाले, "ब्लाउज शिव. टाक्याचंच काम आहे." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्यांना वाटलं घरात शांतता आहे.

मला घरी बसायचं नव्हतं आणि ब्लाउजही शिवायचे नव्हते. मला आयर्न हातातून सोडवत नव्हतं. आणि त्यात माझं डोकं फिरवणारी एक घटना घडली. आम्ही येरवड्याला राहायचो. वस्तीतल्या विहाराचा ॲम्प्लिफायर जयंतीच्या आदल्या दिवशी मुका झाला. मंडळाचे लोक हवालदिल. मी आयर्न घेऊन गेले, मागे एक तार तुटून लोंबत होती, तिला टाका मारला. ॲम्प्लिफायर असा खणखणीत बोलायला लागला की दुसऱ्या दिवशी व्यासपीठावरून माझे आभार मानले गेले, ते माझ्याच टाक्यातून. झालं. मला दुरुस्ती येते असं वस्तीने ठरवलं आणि मी वस्तीचा शब्द मोडला नाही. ती लोंबणारी तार आंधळ्या माणसालाही सापडली असती, हाताला टोचून सापडली असती, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

तेव्हा रेडिओ-टेपची दुरुस्ती म्हटलं की तपकीर गल्ली. तिथे एका चाचांचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन स्टुलं, एक लांब फळी आणि छतापर्यंत सेट. चाचांचे आजोबा पेठांमध्ये फिरून भांड्यांना कल्हई करायचे, वडील स्टोव्ह आणि कंदील दुरुस्त करायचे, चाचा रेडिओ. "खानदानी धंदा आहे, ताई," ते म्हणायचे, "भांडी तेवढी बदलली." त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध होतं आणि त्याचा त्यांना माझ्यापेक्षा जास्त अभिमान होता. त्यांचा भाऊ नुकताच सौदीला गेला होता, आणि त्याचं स्टूल रिकामं होतं. ते स्टूल मला हवं होतं. एवढीच ही गोष्ट आहे.

पहिल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "चाचा, मी सोळा वर्षं रेडिओ बनवलेत."

"बनवले असतील. मी एकही बनवला नाही. मला येणारही नाही." त्यांनी डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं. "पण ताई, तुम्ही जोडणारी माणसं. आमचं काम शोधायचं. जोडायला हात लागतात. शोधताना हात आवरावे लागतात."

या सगळ्यातलं 'मला येणारही नाही' एवढंच मी ऐकलं.

चाचांच्या दुकानाची एक पद्धत होती. गिऱ्हाईक सेट घेऊन आलं की ते त्याला वहीचा अर्धा कागद आणि पेन द्यायचे. "काय होतंय ते तुमच्या हाताने लिहा. दोन ओळींत नको. बहिणीला पत्र लिहिता तसं लिहा." गिऱ्हाईक कुरकुरायचं, मग लिहायला बसलं की पानभर लिहायचं. कागदाची घडी करून चाचा ती सुतळीने सेटला बांधायचे. स्वतः सेट हातात घेईपर्यंत उघडायचेही नाहीत. सेट घेतला की आधी कागद, मग झाकण. बाकीच्या दुकानांत या पद्धतीची चेष्टा चालायची. मीही हसले होते.

मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी फळीखालून तो काळा रिसीव्हर काढला. कडेला सुतळीने बांधलेली घडी.

"वारज्याच्या एका बाईंचा आहे. मी उद्या स्वारगेटहून सोलापूरची एसटी पकडतोय, मेहुण्याच्या घरी लग्न आहे. पाचव्या दिवशी दुकान उघडेन. तोवर हा घरी न्या आणि काय झालंय ते मला सांगा."

"नीटच करून आणते की."

"नीट करू नका. फक्त सांगा. सांगता आलं तर हे स्टूल तुमचं."

"आणि नाही आलं तर?"

"तर सेट परत आणताना रिक्षा करा. बसमध्ये लोक ओरडतात."

मी त्या स्टुलावर जरा बसून बघितलं. ते डुगडुगत होतं. पण मला त्या वेळी सिंहासनही डुगडुगतं असं कुणी सांगितलं असतं तर पटलं असतं.

घरी जेवणाचं टेबल रिकामं केलं. आमच्या त्या टेबलाचा एक पाय आखूड होता. जड काही ठेवलं की टेबल कलायचं, मग पायाखाली पुठ्ठा, आगपेटी, काहीतरी सारायला लागायचं. रिसीव्हर ठेवला, टेबल कललं. सुतळी सोडली, तर हातात घडी आली. आयती घडी, जाडीही मापाची. मी वाकले आणि ती पायाखाली सारली. टेबल खांबासारखं स्थिर.

हे दारातून बघत होते. "अगं, त्यावर काहीतरी लिहिलेलं आहे."

"गिऱ्हाइकाची तक्रार आहे ती. आवाज येत नाही, दुसरं काय असणार? ते मला कळतंय की."

"न वाचता?"

"अहो, मी सोळा वर्षं या धंद्यात आहे."

झाकणाचे स्क्रू काढले. आत परातीएवढा बोर्ड. आणि त्या बोर्डावरचे टाके बघून मला जो आनंद झाला तो मी आजही विसरलेले नाही. मशीनने मारलेले, बसके, कंजूष. आमच्या कारखान्यात असला टाका कुणी मारला असता तर सुपरवायझरने बोर्ड तिच्या डोक्यावर आपटला असता. आणि हे परदेशी म्हणे! ज्यांच्यामुळे माझी नोकरी गेली त्यांचे टाके असे! निदान तिथेच झालं. टाके कच्चे, म्हणून आवाज नाही. सगळे पुन्हा मारले की झालं. चाचांनी 'फक्त सांगा' म्हटलं होतं, पण तोंडाने काय कुणीही सांगेल.

चार दिवस मी टाके मारले. सकाळी ह्यांचा डबा आणि मुलीची शाळा उरकली की आयर्न तापवायचं. घरभर कथलाच्या तारेतल्या राळेचा धूर. जेवणं जमिनीवर. मुलगी म्हणाली, "आई, घरात देवळासारखा वास येतोय." तिला मी म्हटलं, आपल्याकडे देऊळ नाही, अभ्यास कर. रोज शंभरेक टाके झाले की कारखान्यातून आठवण म्हणून मिळालेले दोन छोटे स्पीकर मागे जोडायची आणि मुख्य बटण दाबायची. दिवा लागायचा. स्टेशनचं चाक फिरवलं की एकेका स्टेशनापाशी काचेमागचा सिग्नलचा काटा तुरुतुरु हलायचा. आवाज नाही. म्हणजे आणखी टाके.

आता मला कळतं की तो काटा हलत होता तेव्हाच यंत्र मला सांगत होतं. स्टेशन येतंय, मला मिळतंय, मी पुढे कुणाला देऊ? पण यंत्राचं ऐकायला मी मोकळी कुठे होते, मी त्याला सुधारत होते ना.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हे चहाचा कप घेऊन रिसीव्हरच्या तोंडासमोर उभे राहिले. ज्या बाजूला बटणं असतात त्या बाजूला. मी अर्थात पाठीच्या बाजूला.

"यावर पाच बटणं आहेत एका ओळीत. चार बाहेर आहेत, एक आत गेलंय."

"असेल."

"नाही, म्हणजे एकच का आत असावं, असं आपलं मला—"

"अहो, तुम्ही तुमच्या फायली बघा."

ते गेले. दुसऱ्या दिवशी मी ती पाचही बटणं ओल्या फडक्याने पुसून लख्ख केली. आतलं आतच राहिलं, बाहेरची बाहेर. फडकं फिरवताना मला अभिमान वाटत होता की मी गिऱ्हाइकाच्या वस्तूची किती काळजी घेते.

पाचव्या दिवशी रिक्षा केली. दुकानात झाकण मीच उघडलं, चाचांनी भिंग डोळ्यावर ओढलं आणि बराच वेळ बोर्ड बघत राहिले. मी उभीच. स्टुलावर बसावं की नाही ते कळेना.

"काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"सगळे टाके कच्चे होते. पक्के केले."

"सगळे?"

"चारशेच्या वर असतील."

"वाजतो?"

"नाही."

चाचांनी भिंग वर केलं. "ताई, टाके फार सुंदर आहेत."

माझ्या आयुष्यात कुणी केलेली सगळ्यात वाईट स्तुती ती. शिवी दिली असती तर मी भांडले असते.

"चिठ्ठी कुठे आहे?"

"घरी राहिली."

"घरी कुठे?"

"टेबलापाशी."

"टेबलावर?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं, पण दुसरं काही सुचेना. "टेबलाच्या पायाखाली. टेबल कलतं, म्हणून."

बाजूच्या दुकानातला माणूस हसला. चाचा हसले नाहीत. "घेऊन या. चिठ्ठीशिवाय मी सेटला हात लावत नाही."

तपकीर गल्लीतून चालत मनपाच्या बसस्टँडवर, तिथून येरवड्याची बस. घरी येऊन खांद्याने टेबल उचललं आणि पायाने चिठ्ठी ओढून काढली. चार दिवसांत ती इस्त्री केल्यासारखी झाली होती, मधोमध पायाचा गोल ठसा. तशीच घेऊन परतीच्या बसमध्ये बसले. वाचायची नव्हती, खरं सांगते. चाचांच्या हातात देऊन टाकायची आणि तिथूनच ब्लाउजचं कापड आणायला जायचं असं मी ठरवलं होतं. पण सिग्नलला बस अडकली आणि मी घडी उघडली.

अक्षर शाळेतल्या बाईंचं असावं तसं, गोल आणि सरळ.

'मुलगा पंधरा दिवसांच्या रजेवर आला होता. मित्राकडून टेप डेक आणून त्याने याला जोडला आणि माझ्या सासूबाई जात्यावर म्हणायच्या त्या ओव्या माझ्याकडून म्हणवून घेऊन टेप केल्या. याच स्पीकरवर मला ऐकवल्याही, तेव्हा आवाज उत्तम होता. माझा नव्हे, यंत्राचा. मग कॅसेट घेऊन तो गेला आणि डेक मित्र घेऊन गेला. त्याच संध्याकाळी बातम्या लावल्या तर आवाज नाही. मला वाटलं, घर रिकामं झाल्यामुळे मलाच ऐकू येत नसेल. म्हणून शेजारणीला बोलावून खात्री केली. तिलाही आला नाही.'

बंडगार्डनच्या पुलावर बस होती. मी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि दुसऱ्यांदा वाचताना मला आमच्या ह्यांचा चहाचा कप दिसला.

मुलाने आईला टेप ऐकवली. म्हणजे रिसीव्हरला सांगितलं असणार, आता रेडिओचं नाही, टेपचं ऐक आणि तेच स्पीकरला दे. हे सांगायला एक बटण असणार. ते दाबलं, ओव्या वाजल्या. मग मुलगा गेला, डेक गेला, आणि बटण तसंच आत राहिलं. रेडिओ आपला बोलत होता, काटा हलत होता, पण पेटी कान लावून बसली होती ती निघून गेलेल्या डेककडे. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की तो गेला.

आणि मी तिला चारशे टाके घातले.

दुकानात आले, चिठ्ठी चाचांसमोर ठेवली, फळीवरच्या दोन स्पीकरच्या वायरी खोचून सेट चालू केला आणि त्यांनी चष्मा शोधून लावायच्या आत पाच बटणांतलं आत गेलेलं बटण दाबलं. टक् करून ते बाहेर आलं. त्याखाली इंग्रजीत 'टेप' लिहिलेलं होतं. मी चार दिवस ज्याच्या पाठीशी बसले होते त्याच्या तोंडावरच लिहिलेलं. आणि भर दुपारी तपकीर गल्लीत एक गृहस्थ खणखणीत आवाजात कांद्यावरच्या करप्याला कोणतं औषध फवारावं ते सांगायला लागले.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. चाचांनी मान तिरपी केली.

"डावा?"

मी डाव्या स्पीकरला कान लावला. डावा मुका होता. करपा फक्त उजवीकडून येत होता.

चाचांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. "ओव्या ऐकल्या तेव्हा आवाज उत्तम होता, असं बाईंनी लिहिलंय. म्हणजे डावा तेव्हा चालू होता. मग हा बिघाड कुणाचा?"

"माझा."

"चला. आतापर्यंत बिघाड नव्हता, आता आहे. आता खरं काम आलं." त्यांनी माझ्या पिशवीतून डोकावणारं आयर्न काढून घेतलं, स्वतःच्या खणात ठेवलं आणि खण बंद केला. "शोधा."

"आणि नाही सापडला तर?"

"तर बाईंना मी दुसरा सेट देईन, आणि स्टूल भावाचं राहील. बसा."

मी त्या डुगडुगणाऱ्या स्टुलावर बसले. हातात आयर्न नाही. मला उघड्यावर बसल्यासारखं वाटत होतं.

चाचांचा एक नियम होता. यंत्र चालू असताना एकच हात वापरायचा, दुसरा पाठीमागे. विजेचा झटका एका हातातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडायला बघतो, आणि वाटेत काळीज असतं. पुरुष खिशात हात घालतात. मी डावा हात पदरात गुंडाळून पाठीशी धरला.

आधी दोन्ही स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या. मुकेपणा दुसऱ्या स्पीकरकडे गेला. म्हणजे स्पीकर निर्दोष, दोष पेटीत. हे कळायला अर्धं मिनिट लागलं आणि टाका एकही नाही. मग चाचांनी दाखवलं तसं मी बारीक स्क्रू ड्रायव्हरच्या दांडीला बोट लावून त्याचं टोक बोर्डावरच्या एकेका जागी टेकवायला लागले. आवाजाची वाट जिथून जाते तिथे टोक लागलं की स्पीकर गुरगुरतो, भुंऽऽ असा. आपलंच अंग बोलतं म्हणे त्यातून. उजव्या वाटेवर पहिल्यापासून शेवटपर्यंत गुरगुर. डाव्या वाटेवर मी शेवटाकडून निघाले. भुंऽऽ. एक पाऊल मागे. भुंऽऽ. आणखी एक. भुंऽऽ. आवाज कमी-जास्त करायच्या गोल बटणापाशी आले, त्याच्या अलीकडे गुरगुर होती, पलीकडे टेकवलं तर काही नाही.

"चाचा, या दोन जागांच्या मध्ये आहे."

"मग मध्ये बघा. मला काय सांगता?" त्यांनी भिंग माझ्याकडे सरकवलं. पण त्यांनी हातातलं काम थांबवलं होतं, ते मी पाहिलं.

सेट बंद केला, बोर्ड उलटा केला. त्या दोन जागांच्या मध्ये माझाच टाका. चारशेतला बहुधा सगळ्यात देखणा. नखाने जरा ढकलला तर तो हलला. मी तिथे आयर्न इतका वेळ टेकवलं होतं की खालची तांब्याची पट्टी बोर्डापासून सुटून वर आली होती आणि केसाएवढी तडकली होती. वरून आरसा, खालून तुटलेलं. मी भिंगातून ते बघत बसले. सोळा वर्षांत मी टाक्याखाली काय असतं ते कधी पाहिलं नव्हतं, टाका झाला की बोर्ड पुढे.

"सापडलं?"

"सापडलं."

"काय झालंय?" त्यांनी पाच दिवसांपूर्वीचाच प्रश्न विचारला.

"पट्टी उचलली गेलीय. मी भाजली." या वेळी मी फक्त सांगितलं आणि हात पदरातच ठेवला.

चाचांनी खण उघडून आयर्न माझ्यासमोर ठेवलं. पट्टीवरचा हिरवा लेप ब्लेडने खरवडून मी दोन्ही बाजूंचं तांबं उघडं केलं, वायरीतला एक बारीक केस काढून मधे आडवा ठेवला, आणि टोकांना दोन छोटे टाके दिले. आयर्न लगेच उचललं, फार तापवलं नाही, टाके चकचकीतही झाले नाहीत. सेट चालू केला. तोवर कांद्याचं संपून शेळीपालन सुरू झालं होतं, पण दोन्हीकडून.

दुसऱ्या दिवशी वारज्याच्या बाई आल्या. साठीच्या, कडक इस्त्रीची सुती साडी, काखेत छत्री. "झाला?" एवढंच विचारलं.

चाचा चष्मा पुसायला लागले. "ताई सांगतील."

चष्मा स्वच्छ होता. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला सांगता आलं असतं की आत मोठा बिघाड होता, परदेशी माल, टाके कच्चे. बाईंना कसं कळणार होतं? माझ्या जिभेवर सगळं वाक्य तयार होतं. पण त्यांचं ते गोल अक्षर मी चार दिवस पायाखाली ठेवलं होतं.

सगळं सांगितलं. बटणाचं, टाक्यांचं, पट्टीचं. चिठ्ठी कुठे होती तेही.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे हे आमच्याकडे बरं होतं, तुमच्याकडे येऊन आजारी पडलं, आणि तुम्हीच ते बरं केलं. आमचे फॅमिली डॉक्टर असंच करतात."

मी म्हटलं, "हो."

"कोणतं बटण?"

मी दाखवलं. दाबलं, आवाज गेला. पुन्हा दाबलं, आला. बाईंनी स्वतःच्या बोटाने तीनदा करून बघितलं.

"म्हणजे जाताना तो बंद करून गेला."

"बंद नाही, बाई. दुसरीकडे वळवून गेला."

"तेच ते."

मी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं, एक लाल टिकली त्या बटणावर चिकटवली. "ही टिकली आत गेली की समजायचं."

"बरं दिसतंय," त्या म्हणाल्या. "सौभाग्यवती झाला." रिक्षावाल्याला हाक मारली, सेट मांडीवर घेऊन बसल्या आणि गेल्या. माझ्यावर रागावल्या की नाही ते मला कळलं नाही. पुढच्या वर्षी मिक्सर घेऊन आल्या, चाचांनी कागद पुढे केला तर म्हणाल्या, "लिहिते, पण आधी दुकानातली सगळी टेबलं नीट आहेत ना ते बघा." त्यावरून कळलं.

माझी नात आता खराडीला एका कंपनीत बसून जगभरच्या लोकांचे बंद पडलेले कॉम्प्युटर फोनवरून दुरुस्त करते. पहिला प्रश्न ती हाच विचारते, बंद पडायच्या आधी तुम्ही काय करत होतात? मला तिने तो प्रश्न मोठ्या ऐटीत ऐकवला होता. मी म्हटलं, वा, केवढं शिकवतात गं तुम्हाला.

तर, बाई गेल्यावर मी पिशवीत आयर्न भरलं. चाचा काही बोलले नव्हते आणि मी विचारणार नव्हते. स्वतः केलेला बिघाड शोधला म्हणून कुणी स्टूल देत नाही, हे मला कळण्याइतकी मी त्या सहा दिवसांत शहाणी झाले होते. मी पायरी उतरले तेव्हा त्यांनी दुसऱ्या एका सेटचं झाकण उघडलं होतं आणि भिंग डोळ्यावर ओढलं होतं. मान वर न करताच ते म्हणाले,

"उद्या अकराला या, ताई. आणि ते स्टूल डुगडुगतं. आधी वाकून खाली बघा, का डुगडुगतंय ते मला सांगा. टाका मारू नका."